लहान मुलांसाठी घरगुती कॉम्प्रेसर नेब्युलायझर: वापरानंतरचा सविस्तर अभिप्राय

घरी वापरण्यासाठी नेब्युलायझर, म्हणजे द्रव औषधाचे धुके करून ते श्वासातून देणारे यंत्र, घेताना आपण सहसा तीन गोष्टी तपासतो: आवाज किती येतो, पेटी केवढी आहे आणि मास्कमधून धुके किती दाट निघते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सोयीच्या आहेत, तिसरी मात्र बऱ्यापैकी फसवी आहे. औषध मुलाच्या श्वासनलिकांपर्यंत पोचते की मास्कच्या कडेने खोलीत उडून जाते, हे पेटीतल्या मोटरपेक्षा औषधाचा छोटा कप, मास्कची बसण आणि मूल त्या वेळी रडते आहे की शांत आहे यांवर जास्त अवलंबून असते. आमच्या मुलीला सर्दी झाली की छाती भरून येते आणि घरघर सुरू होते. बालरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून आम्ही कॉम्प्रेसरवर चालणारा नेब्युलायझर घेतला आणि पुढे प्रवासासाठी हातात मावणारा मेश नेब्युलायझरही वापरून पाहिला. हा अभिप्राय मुख्यतः कॉम्प्रेसरच्या यंत्राविषयी आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण या वर्गातल्या यंत्रांची घडण जवळजवळ सारखीच असते आणि ज्या उणिवा पुढे सांगितल्या आहेत, त्या पेटीवरचे नाव बदलल्याने जातीलच असे नाही.

यंत्राची रचना साधी आहे. पेटीतला कॉम्प्रेसर खोलीतली हवा एका लहानशा फिल्टरमधून ओढून दाबाखाली नळीत सोडतो. ही हवा कपाच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते, तिथला दाब कमी होतो आणि कपातले औषध वर खेचले जाऊन त्याचे थेंब उडू लागतात. अत्तराच्या फवाऱ्यात दाबल्यावर जे घडते तेच इथे अखंड चालू राहते. मोठे थेंब समोरच्या अडथळ्यावर आपटून पुन्हा कपात पडतात आणि बारीक तेवढे हवेबरोबर मास्ककडे जातात. यात उष्णतेचा काहीही संबंध नाही. मास्कमधून येणारा झोत उलट गारच लागतो, त्यामुळे गरम पाण्याच्या वाफेने भाजण्याची जी धास्ती असते ती इथे नाही. कपाच्या आत एक सुटा प्लास्टिकचा तुकडा बसवायचा असतो. धुताना तो बाजूला राहून गेला, तर पेटी नेहमीसारखी घरघरत राहते पण धुके अजिबात येत नाही. यंत्र बिघडले असे समजून ते दुकानात नेण्याआधी हा तुकडा जागेवर आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांपैकी खरा कामाचा आकडा थेंबांच्या आकाराचा आहे. साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब खालच्या श्वासनलिकांपर्यंत जाऊ शकतात. त्याहून मोठे थेंब तोंडात, नाकात आणि घशातच बसतात, तर फारच बारीक थेंबांपैकी बरेच उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात. म्हणून सरासरी आकार आणि 5 मायक्रॉनपेक्षा लहान थेंबांचे प्रमाण हे दोन्ही आकडे ज्या खोक्यावर स्पष्ट दिलेले असतील, ते यंत्र आधी विचारात घ्यावे. आमच्या यंत्रावर ते होते, आणि नेब्युलायझरसाठी असलेल्या आयएसओ 27427 या मानकाचा उल्लेखही होता. डोळ्यांना दाट दिसणाऱ्या धुक्यात मोठ्या थेंबांचाच भरणा असू शकतो, हे विक्रेते सांगत नाहीत. धुके दाखवूनच तर यंत्र विकले जाते.

आता कपाविषयी, कारण या यंत्राबद्दलची माझी मुख्य तक्रार इथेच आहे. कोणत्याही जेट (म्हणजे आमच्यासारख्या, हवेच्या झोतावर चालणाऱ्या) नेब्युलायझरच्या कपात शेवटी थोडे औषध उरतेच. कपाच्या भिंतींना आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेले हे थेंब पुन्हा फवारले जात नाहीत. हे उरणारे द्रव साधारण अर्धा ते दीड मिलिलिटर असते. बुडेसोनाइड या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइड औषधाची कुपी 2 मिलिलिटरची असते. समजा ती तशीच कपात रिकामी केली आणि कपात 1 मिलिलिटर उरले, तर सुमारे अर्धे औषध मास्कपर्यंत पोचलेच नाही. याच कारणाने डॉक्टर अनेकदा निर्जंतुक सलाइन घालून एकूण द्रव 3 ते 4 मिलिलिटर करायला सांगतात: उरणारे द्रव तेवढेच राहते, पण ते पातळ असल्याने वाया जाणारे औषध कमी होते. मात्र किती सलाइन घालायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे, आणि सलाइनच्या जागी नळाचे किंवा घरी उकळलेले पाणी कधीही वापरायचे नाही. आमच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कपाची कमाल मर्यादा ठळक छापलेली होती, पण किती औषध उरते याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता. ज्या यंत्राच्या उपयोगाचा निम्मा हिशेब या एका आकड्यावर चालतो, त्याच्या पुस्तिकेने वॉरंटीच्या अटींना चार पाने द्यावीत आणि हा आकडा गाळावा, हे मला पटलेले नाही.

कपाची दुसरी अडचण त्याच्या उभेपणाची आहे. औषध तळाच्या छिद्राजवळ असेल तरच ते वर खेचले जाते, त्यामुळे मूल आडवे झाले आणि कप फार कलला की धुके तुटक येते आणि मग थांबते. मुलीला मांडीवर ताठ बसवून, पाठ आपल्या छातीला टेकवून औषध दिले की कप सरळ राहतो आणि तिचा श्वासही मोकळा चालतो. शेवटी शेवटी यंत्राचा आवाज बदलतो, कपातून फुरफुर असा तुटक आवाज येऊ लागतो. त्या वेळी कपाला बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. भिंतींवरचे थेंब खाली उतरतात आणि आणखी थोडे औषध निघते. धुके पूर्ण थांबेपर्यंत मुलाला अडकवून ठेवण्याची गरज नाही. फुरफुर सुरू झाल्यावर मिनिटभराने थांबले तरी चालते.

यंत्राबरोबर दोन मास्क आणि एक तोंडात धरायची नळी मिळते. मोठ्यांचा मास्क ठीक आहे, मुलांचा म्हणून दिलेला मास्क मात्र ताठ प्लास्टिकचा आहे आणि लहान मुलाच्या गोल गालांवर तो नाकाच्या दोन्ही बाजूंना फटी सोडतो. या फटी किरकोळ वाटतात, पण त्यातूनच सर्वाधिक औषध जाते. यंत्र चालू करून खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून बसले तर धुक्याचा पट्टा मास्कच्या वरच्या कडेने थेट डोळ्यांकडे जाताना स्पष्ट दिसतो. औषधात इप्राट्रोपियम (श्वासनलिका सैल करणारे एक औषध) असेल, तर ते डोळ्यांत गेल्याने बाहुल्या मोठ्या होऊन धूसर दिसू शकते, तेव्हा ही केवळ औषध वाया जाण्याची बाब राहत नाही. आम्ही मऊ सिलिकोनचा लहान मास्क वेगळा घेतला आणि फरक पहिल्याच वेळी जाणवला. मास्कवर जी भोके मुद्दाम ठेवलेली असतात ती उच्छ्वासासाठी असतात, ती बोटांनी झाकायची नाहीत. कडा तेवढ्या चेहऱ्याला नीट टेकल्या पाहिजेत. मूल त्रास देते म्हणून मास्क चेहऱ्यापासून दूर धरून नुसता फवारा तोंडावर सोडण्याची पद्धत सर्रास दिसते, रुग्णालयांतही दिसते. अंतर एक-दोन सेंटिमीटरनी वाढले तरी आत जाणारे औषध झपाट्याने घटते. मूल चार-पाच वर्षांचे झाले आणि सांगितल्यावर ओठ घट्ट मिटून तोंडाने श्वास घेऊ लागले, की मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी सरस ठरते, कारण नाक हे स्वतःच एक चांगले गाळण आहे.

रडण्याबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की अनुभवी मंडळीही तो सांगतात: रडताना मूल खोल श्वास घेते, म्हणून औषध चांगले जाते. प्रत्यक्षात उलट होते. रडताना उच्छ्वास लांब चालतो आणि मध्येच घेतलेला श्वास तोकडा आणि वेगवान असतो. अशा वेगात थेंब घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात आणि गिळले जातात. शांत मोठ्या माणसाच्या बाबतीतही साध्या जेट नेब्युलायझरमधल्या औषधाचा साधारण दहावा हिस्साच फुप्फुसांत पोचतो, मग रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत काय उरत असेल याची कल्पना करता येईल. म्हणून यंत्र बंद असताना मास्क हाताळायला देणे, बाहुलीला लावून दाखवणे, चालू यंत्राचा आवाज आधी दुसऱ्या खोलीतून ऐकवणे, या गोष्टींसाठी घालवलेला वेळ सत्कारणी लागतो. आमच्याकडे गोष्टीचे पुस्तक चालले नाही, कारण यंत्राच्या आवाजात वाचणाऱ्याला ओरडावे लागते. चित्रफीत चालली. पडद्याचा वेळ मोजणाऱ्या पालकांनी ही दहा मिनिटे हिशेबात धरू नयेत, असे माझे मत आहे.

आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. या वर्गातली यंत्रे साधारण 55 ते 60 डेसिबलच्या घरात असतात, म्हणजे शेजारी बसून बोलता येते, पण झोपलेले मूल झोपलेले राहील याची खात्री नाही. पेटी सतरंजीवर किंवा गादीवर ठेवू नये, खालच्या हवेच्या झरोक्यांची वाट बंद होते. आमच्या यंत्रावर 30 मिनिटे चालवून 30 मिनिटे विश्रांती द्यावी अशी सूचना आहे. एका वेळच्या औषधाला सहसा 5 ते 10 मिनिटे लागत असल्याने ही मर्यादा आड येत नाही.

मेश नेब्युलायझरशी तुलना केल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील. त्यात कंप पावणाऱ्या जाळीच्या सूक्ष्म छिद्रांतून औषध ढकलले जाते, त्यामुळे आवाज जवळजवळ नसतो, बॅटरीवर काम चालते आणि मागे उरणारे औषध फारच थोडे असते. वीज गेली असताना किंवा प्रवासात त्याला तोड नाही. पण जाळी नाजूक आहे. बुडेसोनाइड हे द्रावण नसून पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण असतात, आणि वापरानंतर लगेच न धुतल्यास ते जाळीत बसून छिद्रे बुजू लागतात. मग तेच औषध संपायला दुप्पट वेळ लागतो. साल्बुटामॉलसारख्या (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या) स्वच्छ द्रावणांना ही अडचण कमी येते. म्हणून ज्या मुलाला बुडेसोनाइड नियमित द्यायचे आहे, त्याच्यासाठी घरातले मुख्य यंत्र कॉम्प्रेसरचेच असावे. जुन्या पद्धतीचा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या कंपनाने धुके करणारा) प्रकार तर बुडेसोनाइडसाठी चालतच नाही, तेव्हा स्वस्त किंवा शांत म्हणून तो घरी आणू नये. बुडेसोनाइडची कुपी उघडण्यापूर्वी हलकेच गोल फिरवून घ्यावी, आणि औषध संपल्यावर मुलाचा चेहरा पुसून तोंड धुवावे किंवा चूळ भरायला लावावी. हे स्टेरॉइड तोंडात राहिले तर पांढरी बुरशी येऊ शकते.

दोन्ही औषधांचे काम वेगळे आहे, ही गोष्ट पुस्तिकेत कुठेच येत नाही. साल्बुटामॉल किंवा लेव्होसाल्बुटामॉल आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत आराम देते आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. हात थरथरणे, छाती धडधडणे आणि मूल अकारण चुळबुळे होणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. बुडेसोनाइड सूज हळूहळू उतरवते, धाप लागलेल्या क्षणी त्याने सुटका होत नाही. कपाटात दोन्ही कुप्या शेजारी ठेवायच्या असतील, तर त्यांवर मोठ्या अक्षरांत खूण करून ठेवणे आवश्यक आहे, कारण रात्री औषध देणारी व्यक्ती नेहमी तीच असेल असे नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत हे यंत्र मध्यम दर्जाचे आहे. कप तीन भागांत सुटतो ही चांगली गोष्ट, पण झाकणाच्या आत एक खोबण आहे जिथे ओल राहते. ओलसर कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच धुक्याबरोबर थेट फुप्फुसांत जातात, त्यामुळे इथे आळस परवडत नाही. प्रत्येक वापरानंतर भाग सुटे करून धुवावेत, दिवसातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने स्वच्छ करावेत, झटकून स्वच्छ कापडावर उघड्या हवेत पूर्ण वाळू द्यावेत. उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी कपात ठेवू नये. निर्जंतुक करण्यासाठी, निर्मात्याने परवानगी दिली असेल तर, कपाचे भाग 5 मिनिटे उकळावेत. ताठ प्लास्टिकचे मास्क सहसा उकळण्याजोगे नसतात. घरोघरी सांगितला जाणारा व्हिनेगरचा उपाय पुरेसा नाही. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी 2013 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तो स्पष्टपणे नाकारला आहे. हवेची नळी पाण्याने धुवायची नाही, कारण तिच्या आतले पाणी वाळता वाळत नाही. आत दव दिसले तर कप काढून नुसत्या नळीतून काही वेळ हवा सोडावी. फिल्टर करडा दिसू लागला की बदलायचा, धुवायचा नाही. एक कप दोन मुलांमध्ये वाटायचा नाही, भावंडे असली तरी.

एवढे लिहून झाल्यावर एक प्रश्न टाळता येणार नाही: हे यंत्र सगळ्यांनी घ्यावे का? माझे उत्तर नाही असे आहे. बऱ्याच मुलांसाठी स्पेसर (इनहेलरचा फवारा आधी साठवून धरणारी पोकळ नळी) आणि मास्क लावलेला साधा इनहेलर पुरतो. दम्यासाठीच्या जागतिक पातळीवरच्या जीना मार्गदर्शक सूचना पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्पेसरलाच पहिली पसंती देतात, आणि 2013 च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा), जीवघेणा नसलेल्या झटक्यात, स्पेसर वापरलेल्या मुलांचा तातडीच्या विभागातला मुक्काम नेब्युलायझरच्या तुलनेत कमी भरला आणि हृदयाची धडधडही कमी आढळली. विजेची गरज नाही, काही मिनिटांत काम होते, धुणेही सोपे. इनहेलरची कल्पनाच मुळात एका मुलीच्या प्रश्नातून आली, असे सांगतात: अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजच्या प्रमुखांना त्यांच्या दमा असलेल्या मुलीने 1955 मध्ये विचारले की तिचे औषध फवाऱ्याच्या डबीत का मिळत नाही, आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आले. नेब्युलायझर उरतो तो अशा मुलांसाठी ज्यांना स्पेसर कितीही शिकवून जमत नाही, किंवा ज्यांचे औषध इनहेलरच्या रूपात मिळत नाही. आमची मुलगी स्पेसरचा मास्क लावताच श्वास रोखून धरायची, म्हणून आम्ही या यंत्राकडे वळलो. तान्ह्या बाळांच्या ब्रॉंकिओलायटिस या विषाणूजन्य आजारात साल्बुटामॉल देऊ नये, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्ये सांगितले आहे. तेव्हा घरघर ऐकू आली की शेजारच्या मुलाची कुपी आणून फवारा द्यायचा, हा प्रकार पूर्णपणे थांबला पाहिजे.

घरात यंत्र असल्याने एक खोटा धीर येतो, त्याचाही इथे उल्लेख करतो. ओठ निळसर दिसणे, श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची त्वचा आत ओढली जाणे, मुलाला धड बोलता किंवा दूध पिता न येणे, एकदम मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसरा फवारा संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. आराम पडला पण चार तासांच्या आत पुन्हा धाप लागली, तरीही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचे. दोन फवाऱ्यांमध्ये किती अंतर ठेवायचे आणि कुठे थांबायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद पेटीच्या झाकणाला चिकटवलेला बरा.

शेवटी विक्रीनंतरच्या सेवेबद्दल. पेटी टिकाऊ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. झिजतो तो कप. सततच्या वापराने त्याचे बारीक छिद्र रुंदावते, थेंब मोठे होतात आणि औषध संपायला वेळ लागू लागतो, म्हणून तो निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीनंतर बदलावा लागतो. आमच्या कंपनीने सुटा कप देण्यास नकार दिला. कप, नळी, दोन्ही मास्क आणि फिल्टर असा पूर्ण संचच घ्यावा लागतो, म्हणजे गालांवर न बसणारा तो ताठ मास्क पुन्हा एकदा घरी येतो. बाजारातला दुसरा कप नळीला बसतो खरा, पण खोक्यावरचे थेंबांचे आकडे त्या कपाला लागू राहत नाहीत, कारण ते या पेटीच्या आणि या कपाच्या जोडीवर मोजलेले असतात. त्यामुळे यंत्र पसंत करण्याआधी त्याच कंपनीचा कप आणि मऊ मास्क सुटे मिळतात का, हे विचारून घ्यावे. वॉरंटी सहसा पेटीची असते, कपाची नसते.